बसकी गाडी

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल व काल्हेर मागे टाकले म्हणजे पूर्णा हे गाव लागते. भातखाचरांचे हे गाव आता गुदामांचे झाले असून, मुंबईच्या घरोघरी जाणारा कितीतरी माल प्रथम येथल्या पत्र्याखाली विसावा घेतो. आमच्या पुतण्याने आपल्या लोणच्या-मुरंब्यांच्या व्यवसायासाठी तेथेच एक गाळा घेतला आहे. गाळ्याबरोबर त्याने एक जुनी मालवाहू पिकअपही विकत घेतली, आणि आजचे आमचे निरूपण त्या गाडीविषयी आहे. ज्या भगिनींना यंत्राच्या गोष्टींचा कंटाळा येतो त्यांनीही पान उलटू नये. कारण या प्रकरणात शेवटी प्रश्न माणसांच्या पाठींचाच होता.

गाडीच्या आधीच्या मालकास ती बसकी दिसावी अशी हौस होती. ही हौस मूळची परदेशची. कॅलिफोर्नियात तरुण मंडळी गाड्या इतक्या खाली आणू लागली की, 1958 साली तेथे चाकाच्या कड्याच्याही खाली गाडीचे अंग येता कामा नये असा कायदा करावा लागला. आपल्या गृहस्थांनी मागच्या कमानींचा बाक काढून त्या जवळजवळ सपाट करविल्या, पुढच्या गुंडाळी स्प्रिंगांचे वेढे कापविले आणि चाकांना रुंद पण बुटके टायर चढविले. गाडी दिसावयास ऐटबाज झाली खरी. परंतु तीत बसून काल्हेरच्या खड्ड्यांतून जाणे म्हणजे पाट्यावर बसून जिना उतरण्यासारखे होते. पहिल्या पावसाळ्यात दर खेपेस दोनचार बरण्या फुटत. बरण्यांचे एक वेळ सोसले असते. पण चालक एके दिवशी आम्हांस म्हणाला, "काका, मालाला तुम्ही गवत लावता, माझ्या पाठीला काय लावू?" चाळिशीही न गाठलेला तो गृहस्थ गाडीतून उतरताना दाराला धरून क्षणभर वाकूनच उभा राही.

पुतण्याची अडचण निराळी होती. गाळ्यात भरणीचे काम करणाऱ्या सहा बायका पेट्या हातांनी उचलून गाडीत चढवीत. गाडी बसकी असल्याने त्यांना चार बोटे कमी उचलावे लागे, आणि "हीच गाडी बरी" असे त्यांचे एकमुखी मत होते. म्हणून तो म्हणे, "काका, उंची आहे तेवढीच ठेवून धक्के तेवढे कमी करता येतील का?" अनेकांच्या मनात असतो तोच हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर थोडे गणित केल्यावाचून मिळत नाही.

जुन्या छकड्याला कमानी नसत, टांग्याला असत. दोहोंतून प्रवास केलेल्या आजीबाईंना फरक विचारावा. कमान धक्का नाहीसा करीत नाही; ती तो पोटात घेऊन सावकाश परत देते. हे "सावकाश" किती, ते कमान भाराने किती दबते यावर ठरते. ठेवलेल्या भाराने ती 25 सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदास एक झोका घेते. 11 सेंटिमीटर दबत असेल तर दीड. 6 सेंटिमीटरच दबत असेल तर दोन. एक ते दीड झोके माणसास सुखाचे वाटतात, कारण आपल्या चालण्याची लय त्याच्या आसपासच असते. याच्या उलट, सेकंदास 4 ते 8 कंपने बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत बाधतात, कारण तेथे आपला देहच त्या कंपनाला साथ देऊ लागतो. म्हणजे मऊपणा हवा तर दबावयास जागा हवी, आणि बसक्या गाडीत नसते ती नेमकी जागाच. आम्ही गाडीखाली वाकून पाहिले. आस आणि सांगाड्याखालचा रबरी ठोकळा यांमध्ये भरल्या गाडीत जेमतेम बोटभर अंतर उरत होते. प्रत्येक खड्ड्याला आस त्या ठोकळ्यावर आपटे, आणि मग कमान असून नसल्यासारखी होई. पुढच्या स्प्रिंगांची गतही तीच. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते एवढेच नव्हे, तर ताठही होते.

भिवंडीच्या एका मिस्त्रींनी सुचविले, "एक पाटा काढून टाकू, गाडी मऊ होईल." रिकाम्या गाडीपुरते ते खरे, पण भार चढताच ती अधिक बसणार आणि ठोकळ्यावर अधिक आपटणार. अमेरिकेत या दुखण्यावर सांगाड्यालाच आसासमोर कमानीसारखी खाच पाडून वरून पोलादी पट्टी जोडतात. तसले काम येथे करू नये असे आमचे स्पष्ट मत पडले. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच दंडक स्पष्ट केला. माल आणि माणूस वाहणारी गाडी सांगाड्याला कापून वापरणे आम्हांस तसेही रुचले नसते.

स्वस्तातले उपाय आधी केले. मूळ मापाचे, उंच बगलेचे टायर आणविले, आणि त्यांतील हवा दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे भाराबेताने ठेविली. शॉकअब्सॉर्बर तेल गाळीत होते, तेही बदलले. बारीक खडखड यामुळे बरीच गेली. आपटणे मात्र राहिले. मग पुतण्याने मुकाट्याने पुढे नव्या स्प्रिंगा घातल्या, मागच्या कमानींना मूळचा बाक देवविला आणि खाली मदतीचा पाटा पुन्हा बसविला. हा पाटा रिकाम्या गाडीत स्वस्थ असतो व भार आला म्हणजे खांदा देतो. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे स्मरण व्हावे असाच त्याचा स्वभाव! पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस भरल्याने त्यांची आपसांतील कुरकुरही थांबली.

आता बायकांचा प्रश्न उरला. गाडी चार बोटे उंच झालेली पाहून त्यांतील सर्वांत वडील बाई म्हणाल्या, "त्याची पाठ वाचली, आमची गेली." हे बोलणे आम्हांस मनापासून पटले. एकाची पाठ वाचवून सहा जणींच्या पाठी मोडणे हा कोठला न्याय? सुताराकडून गाडीच्या तळाइतक्या उंचीचे एक लांब बाक करविले आणि त्यावर चढणारी उतरती फळी जोडली. भरलेल्या पेट्या चाकांच्या ढकलगाडीवरून फळीने बाकावर जातात आणि तेथून सरकवून गाडीत. उचलणे असे जवळजवळ राहिलेच नाही.

गेल्या श्रावणात आम्ही स्वतः त्या गाडीतून बाळकुमपर्यंत गेलो. खड्डे होते तेथेच होते. बरण्या मात्र एकही फुटली नाही. चालकाची पाठ अजून पूर्ण बरी नाही, आणि वैद्यांनी सांगितलेला व्यायाम तो टाळतो, ही आमची त्याच्याविषयी तक्रार आहे. फळी पावसात निसरडी होते असे बायकांनी कळविले. तिच्यावर काथ्याची चटई ठोकून झाली आहे.