माझी साडेतीनशे राजदूत



गेल्या आठवड्यात पुण्याच्या भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुमच्याकडे हीच होती ना? आता काय किंमत चालते माहीत आहे का? लाखांत!" फोटोत राजदूत ३५० होती. मी चष्मा पुसून दोनदा बघितला. अशी गाडी मी १९९३ साली सात हजार रुपयांना घेतली होती, आणि तेव्हा सगळ्या गल्लीने मला वेड्यात काढलं होतं.

नव्या पिढीसाठी थोडी माहिती देतो. (मास्तर आहे, दिल्याशिवाय राहवत नाही.) यामाहाची आरडी ३५० ही मूळ जपानी गाडी. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ पासून आपल्याकडे राजदूत नावाने काढली. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. त्या काळच्या बुलेटची ताकद १८ हॉर्सपॉवर, तर हिच्या पहिल्या मॉडेलची ३० च्या वर. त्याच वर्षी आलेल्या 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ हिच्यावर बसला आणि कॉलेजची पोरं खुळावली. पण पेट्रोल प्यायची भारी. पुढे ताकद थोडी कमी केलेलं मॉडेल काढलं, तरी लोकांचा ओढा लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर देणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांकडेच गेला. ते दशक संपलं आणि हिचंही आवरलं. गाडी बंद झाली की पार्ट मिळेनात, पार्ट मिळेनात म्हणून गिऱ्हाईक मिळेना. म्हणून तर ती मास्तराच्या खिशात बसली!

आमचं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजण-साखळ्यांचं काम. एका चांदीवाल्यांच्या मुलाने ती हौसेने घेतली होती. वडिलांनी त्याचा वेग एकदा डोळ्यांनी बघितला आणि किल्ली कपाटात ठेवली. तीन वर्षं ती पोत्याखाली पडून होती. मी ती ढकलत घरी आणली तेव्हा आमची ही दारात उभी होती. म्हणाली, "लुना बरी होती की ओ. ही काय म्हस आणलीसा?"

म्हैस तरी वेळेवर दूध देते. ही मनात आलं तर सुरू, नाहीतर शंभर किका मारा. पण सुरू झाली की काय सांगू! सुरुवातीला नुसतीच गुरगुरायची, आणि काटा पाच हजाराच्या पुढे गेला की मागून कोणीतरी धक्का दिल्यासारखी सुटायची. बेचाळीस वर्षांचा, धोतर सोडून पँटवर आलेला मराठीचा मास्तर मी, पण त्या क्षणी पोटात गुदगुल्या व्हायच्या. ब्रेक मात्र त्या वेगाच्या मानाने बेताचे. म्हणून भिऊन मी ती बहुतेक वेळ लुनासारखीच चालवायचो. तिथंच चूक होत होती, हे मला ठाऊक नव्हतं.

१९९४ च्या मार्चमध्ये बोर्डाच्या कामासाठी कोल्हापूरला निघालो होतो. पट्टणकोडोलीच्या अलीकडे गाडी फुर्र फुर्र करून बंद पडली. ऊन रखरखीत, कडेने उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाललेल्या. ढकलत ढकलत एका पत्र्याच्या गॅरेजपर्यंत गेलो. आतून एक पोरगा काळे हात पुसत आला.

"सर, वळकलंसा का?"

ओळखलं. नववीत दोनदा नापास झालेला, मग शाळाच सोडलेला माझाच विद्यार्थी. धडा वाचायला उभा केला की घामाघूम व्हायचा, ओळी गाळायचा, 'व' चा 'ब' करायचा. एकदा भर वर्गात मी त्याला म्हणालो होतो, "तुझ्या डोक्यात नुसतं रॉकेल भरलंय." वर्ग हसला होता. मीही हसलो होतो.

त्याने गाडीला कशीबशी किक मारली, एका सायलेन्सरवर फडकं दाबलं, मग दुसऱ्यावर. डोळे मिटून ऐकलं. "उजवा शिलेंडर मारत न्हाई." प्लग काढून दाखवला. तेलकट काळाकुट्ट! "सर, गाडीत खोट न्हाई. तुम्ही हळू हळू चालवून तिला गुदमारलंय. हिला मोकळी सोडाय पायजे." प्लग घासला, पॉइंट साफ केले, दोन्ही कार्बोरेटर कानानेच जुळवले. वीस मिनिटांत गाडी सुरू. पैसे विचारले तर हसला. "राहू द्या. तुम्ही म्हनला हुता न्हवं, डोक्यात रॉकेल हाय? आता पेट्रोल झालंय बगा."

तो खोडीने बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतर रविवारी मी त्याच्याकडे जायला लागलो. गाडीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं, ते एकदा त्याच्या हातात दिलं. त्याने पान उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "सर, अक्षरं हालत्यात. मराठी असू दे न्हाईतर इंग्रजी." मग मी डिक्शनरी घेऊन बसायचो, अडखळत वाचायचो आणि मराठीत सांगायचो. माझं इंग्रजीही यथातथाच! पण एकदा कानावर पडलेलं माप तो कधी विसरला नाही. महिन्याने विचारलं तरी पॉइंटमधलं अंतर, प्लगमधलं अंतर, सगळं बिनचूक. याला मी दोनदा नापास केलं होतं. कशात? तर ऐकलेलं कागदावर उतरवता आलं नाही म्हणून.

२००७ साली 'तारे जमीन पर' आला. मुलांनी कोल्हापूरला नेऊन दाखवला. डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हा मला नीट कळला. मध्यंतरात सगळे वडे खायला गेले, मी जागेवरच बसून राहिलो. तिसाहून जास्त वर्षं शिकवलं. अशी किती पोरं माझ्या हातून गेली असतील, आणि त्यातल्या किती जणांना वाटेत गॅरेज सापडलं असेल? पट्टणकोडोलीच्या त्या दिवसानंतर एवढं मात्र केलं, की २००९ ला निवृत्त होईपर्यंत मागच्या बाकावरच्या पोरांची तोंडी परीक्षाही घेत राहिलो. फार मोठं काम नाही. उशिराचंच.

गाडी २००१ मध्ये त्यालाच दिली. पेट्रोलचा खर्च आणि हिचा तगादा, दोन्ही झेपेना. पुण्या-मुंबईची माणसं येऊन मोठमोठे आकडे सांगतात, पण तो विकत नाही. खंडेनवमीला पान्यांबरोबर तिचीही पूजा करतो, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घातलेली गाडी घेऊन सोनं द्यायला येतो. गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज कळतो. हीच चहाचं आधण ठेवते. "आली बघा तुमची म्हस."

इतक्या वर्षांत त्या रॉकेलच्या वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितलेली नाही. दर दसऱ्याला मनात येतं आणि आपट्याची पानं हातात घेतली की राहून जातं. लिहायला सोपं, तोंडाने बोलायला अवघड. हे टाइप करून घेतलं खरं, पण ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ते वाचायला त्रास होणार. तेव्हा या दसऱ्याला चहा झाला की मीच मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तो एकदा ऐकलेलं विसरत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

असो. भाच्याला कळवलं आहे, गाडी विकायची नाही.