तारखेच्या दिवशीची गैरहजेरी

आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या किशोरवयीन विद्यार्थ्याशी बोलताना शालेय समुपदेशकाला सर्वप्रथम आवरावा लागतो तो ‘गुन्हा कोणता’ हा प्रश्न. कारण भारतीय तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश बंदी ‘न्यायाधीन’, म्हणजे बोलीत कच्चे कैदी, असून त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नसतो, आणि झाला असला तरी त्याचा जाब मुलाने द्यायचा नसतो. शिक्षा लागलेल्या घराला निदान वर्षे मोजता येतात; कच्च्या कैद्याचे घर मात्र एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंत जगते, सकाळी जामिनाची आशा धरते आणि संध्याकाळी नवी तारीख घेऊन परतते. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ज्याला संदिग्ध वियोग म्हटले, तो हाच : माणूस हयात असतो, पण घरात नसतो, आणि त्याच्या परतण्याचा दिवस ठाऊक नसल्याने धड शोकही करता येत नाही.

म्हणूनच वर्गातील चिडचीड आणि ठरावीक अंतराने पडणारे खाडे यांचा उलगडा पुष्कळदा न्यायालयाच्या तारखांत किंवा ‘मुलाखती’च्या, म्हणजे तुरुंगातील भेटीच्या, दिवसांत सापडतो, आणि जाणता समुपदेशक विद्यार्थ्याला गाठतो तो तारखेनंतरच्या दिवशी, जेव्हा घरात त्याच्याशी बोलायला कुणाला त्राण उरलेले नसते. ‘बाबा परगावी आहेत’ ही धाकट्या भावंडांसाठी रचलेली थाप थोरल्याला वर्गातही सांभाळावी लागते. ती समुपदेशकाने फोडू नये, पण स्वतः तिच्यात सामीलही होऊ नये. गोपनीयतेची मर्यादा, म्हणजे जिवाला धोका दिसल्यास मोठ्यांना सांगावे लागेल ही अट, पहिल्याच भेटीत स्पष्ट करावी. नोंदवहीत मात्र आरोपाचे कलम लिहिण्याचे काहीएक कारण नाही, कारण शाळेतील फाईल किती हातांतून फिरते हे सर्वांना माहीत असते.

कमावता माणूस आत गेला की दहावीतला मुलगा कामाला लागतो, आणि तेथे नुसता धीर देऊन भागत नाही : बाल कल्याण समितीमार्फत महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे अर्थसाहाय्य मिळू शकते का, याची चौकशी करणे हाही समुपदेशनाचाच भाग मानावा, जरी अनेकांना ते कारकुनी काम वाटते.

मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारात एवढे जरूर करावे : मुलाखतीच्या दिवसाची रजा वर्गासमोर कारण न विचारता मंजूर करावी आणि त्या दिवशी बुडालेली चाचणी पुन्हा घ्यावी.