दांडीचा टेकू

माझ्या धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियात जुनी माझदा मियाटा आहे, 1989 साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतली. मनगट मोडून बरे झाल्यावर त्याने विचारले, "ताई, गिअरची दांडी बदलू का? आखूड हालचालीची मिळते." मला गाडीतले फारसे कळत नाही, पण माहितीपत्रके वाचून अर्थ लावणे हा माझा धंदा.

शाळेतली तरफ आठवली. अशा दांडीत टेकू वर सरकवलेला असतो. हाताला अंतर कमी कापावे लागते, पण जोर जास्त लावावा लागतो. आत सिंक्रोनायझरचे काम तेवढेच राहते. माहितीपत्रकात हालचाल किती घटते ते ठळक छापले होते; मनगटाला काय सोसावे लागेल, याबद्दल अवाक्षर नव्हते. अनुवादातही वाक्य आखूड केले की भार कुणावर तरी पडतोच, बहुधा वाचकावर.

मियाटाची दांडी थेट गिअरबॉक्समध्ये उतरते. "आधी बुडाचा झिजलेला प्लास्टिकचा बुश, फाटलेले रबर आणि तिथले तेल बदल," मी म्हटले.

त्याने तेवढेच केले. परवा फोनवर म्हणाला, "ताई, तिसरा पडतो आता. दुखत नाही."