सिस्टर कोण, मावशी कोण?



बियाण्याच्या पिशवीची चिठ्ठी पाहून आपण बियाणे ओळखतो. पिवळी चिठ्ठी पैदासकार बियाण्याची, पांढरी पायाभूत बियाण्याची, निळी प्रमाणित बियाण्याची. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण दिसला की ते अत्यंत विषारी, हे अक्षर न वाचताही कळते. कृषी विस्ताराच्या नोकरीत ही रंगांची भाषा मी गावोगाव सांगत आलो. दवाखान्यात मात्र नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका.

पूर्वी पांढरा पोशाख आणि डोक्यावर पांढरी टोपी दिसली की ती सिस्टर, एवढे पुरत असे. आता टोपी बहुतेक ठिकाणी गेली आणि पोशाखाचा रंग दवाखान्यागणिक बदलतो. पांढरा कोट डॉक्टरांच्या अंगावर असतो, तसा रक्त तपासणाऱ्यांच्याही. आपल्या कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्याला, म्हणजे सी.पी.आर.ला, वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. त्यामुळे तिथे शिकणारी मुलेमुलीही दिसतात. पुरुष दिसला की ‘डॉक्टरसाहेब’ आणि बाई दिसली की ‘सिस्टर’ असे आपण म्हणतो, तेही चुकीचे. ती बाई डॉक्टर असू शकते आणि तो पुरुष ‘ब्रदर’, म्हणजे परिचारक.

याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. फवारणी करताना विषबाधा झालेल्या एका शेतकऱ्याला आम्ही दवाखान्यात नेले होते. त्याच्या भावाने औषधाची रिकामी बाटली शहाणपणाने बरोबर आणली, पण समोर आलेल्या पहिल्या गणवेशवाल्याच्या हातात दिली. तो सफाईचा माणूस. त्याने ती कचऱ्यात टाकली. डॉक्टरांनी “औषध कोणते?” म्हणून विचारले तेव्हा भाऊ कचऱ्याच्या डब्याकडे धावला. बाटली सापडली म्हणून निभावले. उपचार विषाच्या जातीवर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीन देतात, पण प्रत्येक विषाला ते चालत नाही. सफाईवाल्याला दोष कसा देणार? कचरा उचलणे हेच त्याचे काम.

परिचारिका होण्यासाठी शिकावे लागते. एएनएमचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, जीएनएमचा ३ वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा ४ वर्षांचा. पुढे परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. इंजेक्शन, सलाइन, औषधाची मात्रा ही त्यांची जबाबदारी. मावशी आणि मामा रुग्णाला उचलतात, भांडे देतात, वॉर्ड स्वच्छ ठेवतात. त्यांच्यावाचून दवाखाना एक दिवस चालणार नाही. पण सलाइन संपत आली म्हणून त्यांना चावी फिरवायला सांगू नका आणि स्वतःही हात लावू नका.

मग ओळखावे कसे? छातीवरची नावाची पट्टी वाचा. वाचता येत नसेल तर सरळ विचारा, “ताई, या पाळीला आमच्या खाटेच्या सिस्टर कोण?” पाळी बदलली की पुन्हा विचारा. सिस्टरांचे टेबल कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. रात्री सोबतीला राहणाऱ्या पोरालाही ते दाखवा.

बाजारात बी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो आणि दुकानदार रागावला तरी हटत नाही. घरचे माणूस खाटेवर असताना एक प्रश्न विचारायला कसली लाज?