अडलेला गिअर

टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध सायकल-शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअरचें मोठें वावडें होतें. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसांनाच शोभते असें त्यांचें मत होतें. आणि साखळी एका दांतेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारें यंत्र त्या शर्यतींतील धंदेवाईक स्पर्धकांना १९३७ सालापर्यंत वापरूं दिलें जात नसे. घाट लागला कीं बिचारे खालीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या चक्रावर साखळी चढवून पुढें जात. आम्ही पंचेचाळिशी केव्हांच मागें टाकली असल्यामुळें देग्रांजसाहेबांच्या कायद्यानेंहि आम्हांस गिअरविषयीं बोलण्याचा अधिकार पोंचतो. पण ज्याच्यामुळें आम्ही आज हा विषय काढीत आहों तो तरुण अवघा एकोणीस वर्षांचा आहे.

तो आमचा विद्यार्थी. मंगरूळपीरच्या बाजूच्या एका खेड्यांतून तो रोज वाशीमला येतो. आमचा जिल्हा नकाशावर सपाट दिसतो. परंतु हा पठारी मुलूख आहे, आणि त्याचे चढउतार कागदावर कळत नाहींत, पोटऱ्यांत कळतात. त्याच्या गांवची सकाळची एस्टी पहिल्या तासाशीं जुळत नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं सोयाबीनचे पैसे हातीं येतांच वडिलांनीं कोणाची तरी वापरलेली एकवीस गिअरची माउंटन बाइक त्याला घेऊन दिली.

'सेकंडहँड' म्हणतांच नाक मुरडण्याचें कारण नाहीं. या जातीच्या सायकलीचा जन्मच जुन्या मालांतून झालेला आहे. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरीन भागांतले कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली हुडकून काढीत आणि डोंगरांतल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खालीं सोडीत. तेथें १९७६ सालीं सुरू झालेल्या शर्यतीचें नांव 'रीपॅक' असें पडलें. कारण एका उतारांतच मागच्या ब्रेकमधलें ग्रीस जळून जाई, आणि तें पुन्हा भरल्यावांचून सायकल धड चालत नसे. दुरुस्ती ही या घराण्याची कुलपरंपराच म्हणावी लागेल.

पहिल्या पावसाळ्यानंतर या सायकलीचा गिअर अडूं लागला. "सर, चढते बरोबर, पण उतरत नाई," असें त्यानें आम्हांस सांगितलें. दुकानदाराचा सल्ला सरळ होता: गिअर काढून टाका, साखळी तोडून आंखूड करा आणि मधल्या एका चक्रावर कायमची बसवा. दुकानदार लबाड नव्हता. गिऱ्हाईक घाईंत असतें, मजुरी थोडी मिळते, आणि काढून टाकलेली वस्तु पुन्हा बिघडत नाहीं, हा त्याचा अनुभव. पण मुलाच्या वडिलांचा प्रश्नहि खोटा नव्हता: "एवढे पैसे लावले अन् शेवटी साधी सायकलच राह्यली का?" शिवाय संध्याकाळीं समोरून वारा आणि पुढें चढ असतांना मधल्या चक्राची ती जड सायकल हा मुलगा किती दिवस रेटणार? थकला कीं आधीं पहिला तास बुडणार आणि मग कॉलेज.

आम्ही दोघांनीं एका रविवारीं ती सायकल निंबाखालीं उलटी उभी केली. या यंत्राचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. साखळी मोठ्या चक्रावर चढते ती आपल्या अंगठ्याच्या जोरानें, तारेच्या ओढीनें. परंतु लहान चक्रावर उतरते ती केवळ स्प्रिंगच्या बळावर. तार कोणी उलट ढकलीत नाहीं. म्हणून चढतांना अडखळली तर बहुधा तार सैल आहे असें समजावें, आणि उतरतांना अडली तर तार फाजील ताणलेली असेल, नाहीं तर वाटेंत कोठें तरी घासत असेल. आम्ही तार थोडी सैल करून पाहिली, तों साखळी चढेना. पुन्हा ताणली, तों उतरेना. दोन्ही बाजूंना मानवेल असा एकहि मुक्काम सांपडूं नये, हें गंजाचें खात्रीचें लक्षण.

गंज होता तो मागच्या चाकाजवळच्या आउटरच्या शेवटच्या वळणांत. तेथें पाणी शिरतें, आणि आमच्याकडची काळी माती त्या पाण्याबरोबर जाऊन बसते. १९८४ सालीं शिमानो कंपनीनें खटक्याचे गिअर आणले. त्यापूर्वीं स्वार कानानें आणि अंगठ्यानें अचूक जागा शोधी. आतां एका खटक्याला ठराविकच तार ओढली जाते, आणि मध्यें थोडा गंज आला तरी सारा हिशेब चुकतो.

केबल आणि आउटर नवीन घातलें. साखळीहि मोजली; चोवीस कड्या नव्या साखळींत बरोबर बारा इंच भरतात, आणि एक अष्टमांश इंच वाढ दिसली तर ती चक्राचे दांतेहि खाऊं लागली असें समजावें. ही तेवढी झिजली नव्हती. साखळी दोन्ही टोकांशीं चक्राबाहेर जाऊं नये म्हणून असलेले दोन स्क्रू तपासले. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मागून पाहिला. सायकल उजव्या अंगावर पडली कीं तो वाकतो, आणि वाकला असेल तर बाकीची सारी मेहनत फुकट. तो सरळ होता. मग तार जेथें डिरेलरला मिळते तेथली बारीक चकती पाव पाव फेरा फिरवीत गेलों. ती बाहेर फिरविली कीं तार ताणते, आंत फिरविली कीं सैलावते. सातवा खटका सातव्या चक्रावर मुकाट्यानें बसला तेव्हां दुपार झाली होती. एकूण खर्च दोनशें रुपयांच्या आंत.

काढून टाकण्याचा हा सल्ला आम्ही सायकलीच्या दुकानाबाहेरहि पुष्कळदां ऐकतों. खेड्यांतला मुलगा इंग्रजींत अडखळला कीं इंग्रजी सोडायला सांगावें, गणितांत अडला कीं गणित. मुलगा मग चालूं लागतो हें खरें. पण जन्मभर एकाच चक्रावर. तो नेमका कोठें अडतो, चढतांना कीं उतरतांना, हें पाहण्यास एक रविवार पुरतो, आणि पुष्कळदां गंज निघतो तो वीतभर नळींत.

आमचा विद्यार्थी हल्लीं पहिल्या तासाला वेळेवर असतो. त्याच्या गांवांतल्या आणखी दोन गिअरच्या सायकली आतां त्याच्याकडे दुरुस्तीस येतात. तो आधीं उतरते कीं नाहीं तें पाहतो, आणि मगच पान्याला हात लावतो.