जोडीची टाकी लहान, पिलांची टाकी महान

मी नेसरीचा म्हटलं की हॉस्टेलवरची पोरं हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, १६७४ साली प्रतापराव गुजर जिथं पडले ती खिंड तुझ्या घरापासून किती लांब? दुसरा, गावाकडं एवढं पाणी असताना तुम्ही काचेच्या पेटीत मासे कशाला पाळता? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. दुसऱ्याला मात्र वेळ लागतो. मेसमध्ये ते उत्तर पूर्ण व्हायच्या आत भाजी संपते, म्हणून इथं लिहितोय.

त्याचं असं आहे. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून घरी आहे. शेती बघतो, पण डोक्यात मासे. सिक्लिड जातीचे मासे घरीच वाढवायचे, त्यांची पिलं गडहिंग्लज-कोल्हापूरच्या दुकानदारांना द्यायची, असा त्याचा बेत. आण्णांनी उसाच्या बिलातले थोडे पैसे त्यासाठी बाजूला काढले, पण एक अट घातली, "आधी थोरल्याला विचार. इंजिनियर हाय न्हवं त्यो!" झालं. ज्याचा सिलॅबसमध्ये एक मार्काचाही प्रश्न नाही, असा विषय माझ्या गळ्यात पडला. बरं, हसून सोडून द्यावा असाही नव्हता. पैसे ऊस तोडून आलेले होते आणि भावाचा चेहरा पहिल्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरासारखा होता.

तर मित्रांनो, सिक्लिड म्हणजे कोण? नाव परकं वाटेल, पण तुमच्यापैकी निम्म्यांनी तो खाल्लाय. उजनीच्या बाजूची पोरं ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया सिक्लिडच. कोकण-गोव्याच्या खाडीतला काळुंदर सिक्लिडच, आणि तो तर आपला अस्सल देशी. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात. २०१० साली केरळनं त्याला राज्यमासा केलं. जगात सिक्लिडच्या सतराशेच्या आसपास जाती सापडल्यात. त्यातल्या बहुतेक आफ्रिका आणि अमेरिकेतल्या. भारताच्या वाट्याला फक्त तीन.

या घराण्याचा एक गुण मोठा आहे. ते पोरं सांभाळतात. बाकीचे बरेच मासे अंडी टाकून मोकळे होतात, काही तर मागं वळून तीच खातात. सिक्लिडमध्ये मात्र आईबाप पहारा देतात. चिलापीची मादी तर अंडी आणि पिलं तोंडातच वागवते. भावानं हे आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, "मग ती जेवती कवा?" प्रश्न व्हायवातल्या एक्स्टर्नलला शोभेल असा होता. उत्तर असं, की त्या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच असते. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "असू दे, पाळा."

पण जे आईबाप पहारा देतात ते भांडतातही. पिलांसाठी जागा अडवायची, तर दुसऱ्याला हाकलावंच लागतं. म्हणून सिक्लिडची टाकी माशाच्या लांबीवर ठरत नाही, त्याच्या हद्दीवर ठरते. आता एकेक जात घेऊ.

भावाची पहिली पसंती फ्लॉवरहॉर्न. डोक्यावर टेंगूळ, भारी किंमत, घरात ठेवला तर भरभराट होते असा समज. हा मासा निसर्गात नाहीच. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तयार केलेला. वाढून दहा-बारा इंच होतो, आणि एका माशाला चार फुटी टाकी द्यावी लागते. जोडी लावायची तर मध्ये जाळी, नाहीतर नर मादीला मारतो. त्यात बरेच नर वांझ निघतात. आणि पिलं झालीच, तरी टेंगूळ येतं मोजक्यांना. किंमत त्या मोजक्यांना. बाकीच्यांचं काय करायचं?

दुसरा ऑस्कर. दुकानात दोन इंचाचा, डोळे मोठे, दिसायला गोंडस. पण तो फूटभर होतो. जोडीला सहा फुटी टाकी लागेल. तिसरा कॉन्व्हिक्ट, अंगावर कैद्यासारखे काळे पट्टे. अडीच फुटात जोडी सुखानं राहते आणि न सांगता पिलं देते. पण जो मासा कुणाच्याही घरी पिलं देतो, त्याची पिलं दुकानदार घेत नाही. सोप्या पेपरात सगळेच पास होतात, मग कॅम्पसला कोण विचारतो?

मलावी सरोवरातले रंगीत मासे छान, पण त्यांना क्षाराचं जड पाणी लागतं, एका नरामागं तीन-चार माद्या लागतात आणि टाकी चार फुटी. वर मादी एका वेळी पंधरा ते चाळीसच पिलं सोडते. उलट टांगानिका सरोवरातला एक सिक्लिड जेमतेम दीड इंचाचा, मोकळ्या शंखात राहणारा. आमच्या भाताच्या खाचरात गोगलगायींचे रिकामे शंख लागतील तेवढे मिळतात, पण तो मासाच आपल्याकडं सहज मिळत नाही.

उरला एंजल. तोही सिक्लिडच, हे पुष्कळांना माहीत नसतं. मागणी बारमाही. नर-मादी दिसायला सारखे, म्हणून सहा पिलं एकत्र वाढवायची आणि जोडी त्यांची त्यांना जुळवू द्यायची. बाकी सिक्लिडना टाकीचा तळ मोठा लागतो. याला मात्र उंची लागते, कारण पंख वर-खाली पसरलेले. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी एका जोडीला पुरते. साडेचार घनफूट, म्हणजे १२७ लिटर.

इथं भाऊ खूश. म्हणाला, "दादा, मग अशा चार टाक्या घेऊया, चार जोड्या!"

आणि इथंच माझं इंजिनियरिंग कामाला आलं. एंजलची जोडी एका वेळी दोनशे-तीनशे अंडी सहज घालते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात. पुढच्या चार-पाच दिवसांत पिलं पोहायला लागतात आणि त्यांना ताजा फुटलेला आर्टेमिया चारावा लागतो. समजा दोनशे जगली. विकण्याजोगी, म्हणजे नाण्याएवढी होईपर्यंत दोन महिने तरी जातात. त्या वयात एका पिलाला चार लिटर पाणी धरलं, तर दोनशेला ८०० लिटर. जोडीला १२७ आणि पोरांना ८००! सहा पटींहून जास्त. शिवाय अंडी बाजूला काढली की जोडी पंधरवड्यात पुन्हा अंडी घालते. म्हणजे पहिला माल गोडाऊनमध्ये पडून आणि प्रॉडक्शन चालूच. इंडस्ट्रियल इंजिनियरिंगच्या सरांनी शिकवलेला बॉटलनेक मला पहिल्यांदा खरा समजला तो असा. अडचण पिलं होण्यात नाही, पिलं वाढवण्यात आहे.

म्हणून मी कागदावर उलटा हिशेब मांडला. दुकानदार महिन्याला किती पिलं घेईल, त्याला किती लिटर लागतील, त्यावरून किती जोड्या. उत्तर आलं, एक जोडी. आणि तिचीही प्रत्येक खेप वाढवायची नाही.

आता टाकीचं गणित. चार बाय दीड बाय दीड फूट टाकीत २५५ लिटर पाणी, म्हणजे २५५ किलो. ते उभं राहतं सहा चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या वर. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीचा लाइव्ह लोड धरलाय चौरस मीटरला २ किलोन्यूटन, साधारण २०० किलो. तो सगळ्या खोलीभर धरतात हे खरं, तरी माडीवर टाक्यांची रांग लावण्याआधी सिव्हिलच्या मित्राला विचारावं. आम्ही सगळं खाली, परसाकडच्या खोलीत, भिंतीलगत लावलं. काठोकाठ भरल्यावर पुढच्या काचेवर पाण्याचा रेटा सव्वाशे किलोचा येतो. दाब उंचीवर अवलंबून, लांबीवर नाही. म्हणून पिलांच्या टाक्या लांबट आणि बुटक्या बऱ्या, काचही पातळ चालते. आणि पावसाळ्यात लाईट गेली तर मोठी टाकी लवकर गार पडत नाही. १२७ लिटर पाणी एक अंशानं तापवायला १०० वॉटच्या हीटरला, गळती न धरता, दीड तास लागतो. जे हळू तापतं, ते हळूच निवतं.

भावानं शेवटी खरा प्रश्न विचारला. "जास्त झाली तर घटप्रभेत सोडायची की! जगतील बिचारी."

याचं उत्तर चिलापीनं देऊन ठेवलंय. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला, स्वस्त खाद्य म्हणून. पुढं १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली. पण माशाला सरकारी कागद वाचता येत नाही. आज कुठल्याही तळ्यात गळ टाका, चिलापी लागते. जो गुण आजीला भावला, पोरांना जपायचा, त्याच गुणावर हा मासा दुसऱ्याचं पाणी बळकावतो. एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. घटप्रभेत मळ्या, खवल्या आपल्या पोटापुरत्या राहिल्यात, त्यांच्या घरात पाहुणे घुसवायचा आपल्याला हक्क नाही. जेवढी पिलं विकता येतील किंवा मरेपर्यंत पोसता येतील, तेवढीच वाढवायची. भाऊ थोडा वेळ बोलला नाही. मग त्यानं फ्लॉवरहॉर्नचा फोटो मोबाईलवरून काढून टाकला.

आण्णांच्या पैशातून शेवटी काय आलं? जोडीसाठी दोन फुटी टाकी एक, आणि पिलांसाठी चार फुटी दोन. एंजलची सहा पिलं गडहिंग्लजहून आणली. तिथल्या दुकानदाराशी आधी बोलून ठेवलंय, महिन्याला किती घेणार ते. तो वाढला तर तिसरी-चौथी टाकी. पिलांच्या टाक्यांत अजून मासा नाही. नुसतं पाणी, फिल्टर आणि चिमूटभर खाद्य, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू चार-सहा आठवड्यांत तयार होतील. आजी रोज जाऊन त्या रिकाम्या टाक्यांत बघते आणि भावाला विचारते, "मासं कुठं हाईत रं?"

भाऊ आता ठसक्यात सांगतो, "यायच्यात अजून. आधी घर बांधलंय."