मीटरच्या या बाजूने

विट्याला एसटी स्टँडसमोर माझा एसटीडी बूथ होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अपंगांच्या कोट्यातून मिळाला. घरी फोन यावा म्हणून अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, तो हा काळ. आमचा भाग गलाईवाल्यांचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळ, तमिळनाडू, दिल्ली, कोलकात्यापर्यंत पांगलेली. कर्ता पुरुष तिकडं, म्हातारीकोतारी आणि पोरंबाळं इकडं. त्यामुळं माझं गिऱ्हाईक बहुतेक लांबच्या कॉलचंच. अंतर वाढेल तसा दर चढायचा आणि रात्री अकरानंतर पाव व्हायचा. गाव झोपायच्या वेळेला माझ्याकडं रांग लागायची.

काचेच्या केबिनमध्ये फोनच्या वर लाल आकड्यांचा मीटर. बोलणाऱ्याचं तोंड रिसीव्हरकडं, डोळे मीटरकडं. एक आक्का लेकाला फोन लावायला नेमानं यायच्या. ‘आरं, ते लाल आकडं पळाय लागलं की काय बोलायचं त्येच ध्यानात ऱ्हाईना,’ म्हणायच्या. मग मी मीटरवर फडकं टाकायचो. आक्का निवांत, तोंडभर बोलायच्या. आणि बाहेर आल्या की प्रिंटरमधून करकरत निघालेली चिठ्ठी बघून माझ्यावरच डाफरायच्या. त्या आकड्यांवर माझं कमिशन होतं. दर जितका चढा, तितकं माझं बरं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. ती बातमी मी बूथवर बसूनच वाचली आणि पेपर बाजूला ठेवला. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, वर आलेल्या फोनचेही पैसे. असला फोन विट्यात कोण घेणार? कंपन्यांनी लिलावात भरमसाट बोली लावून परवाने घेतले होते, ती लायसन फी शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघणार होती. १९९९ च्या धोरणात ठरावीक फीऐवजी सरकारनं उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. माझ्या मते खरं काम त्या बदलानं केलं, मंत्र्यांच्या भाषणांनी नव्हे.

मला पहिला दणका बसला तो मात्र मोबाइलचा नव्हे. लांब पल्ल्याच्या कॉलमध्ये खासगी कंपन्या आल्या आणि जानेवारी २००२ मध्ये एसटीडीचे लांबचे दर एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. विटा-दिल्ली अंतर तेच, बूथ तोच, फोनही तोच. समोर दुसरा दुकानदार उभा राहिला, एवढाच फरक. पुढच्या वर्षी मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं, पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत हातात फोन दिला, आणि माझी रात्रीची रांग विरळ होत गेली.

बूथ बंद न करता कोपऱ्यात सिमकार्डं आणि रिचार्ज ठेवायला लागलो. कूपनवरची चंदेरी पट्टी नखानं खरवडायची, आकडे वाचून दाखवायचे, तेही मीच करायचो. मार्च २००६ मध्ये देशभर कुठंही बोला, मिनिटाला एक रुपया, अशी योजना आली. २००९ ला टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा लावला आणि मग सगळ्यांनाच लावावा लागला. याचं अप्रूप शहरात कितपत वाटलं ठाऊक नाही. आमच्याकडं फार वाटलं. ‘पोचलो’, ‘पैसे मिळाले’, ‘डॉक्टरकडं नेतोय’ असले निरोप वीस सेकंदांचे. त्याचे आता वीस पैसे झाले. तेव्हा माझ्या काउंटरच्या काचेवर कंपन्यांचे स्टिकर लावायला जागा नव्हती, आणि २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली. गिऱ्हाईक राजा असतो हे आमच्या धंद्यात मी तेवढ्या चार-सहा वर्षांतच पाहिलं.

मग स्टिकर निघायला लागले. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं १२२ परवाने रद्द केले. २०१६ ला जिओ आलं, बोलणं फुकट झालं, अंगठा लावून सिम घ्यायला रांगा लागल्या. गलाईवाल्यांच्या घरांत तासन्‌तास व्हिडिओ कॉल सुरू झाले. ते बघून बरंच वाटायचं. पण दरांच्या त्या लढाईत लहान कंपन्या संपल्या, मोठ्या एकमेकींत विलीन झाल्या. एका कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा माझे रिचार्जसाठी आगाऊ भरलेले पैसे अडकले. ते आजतागायत आलेले नाहीत.

माझ्यापेक्षा मोठी फसगत म्हाताऱ्यांची झाली. ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ इनकमिंग म्हणून त्यांनी कार्डं घेतली होती. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची अट आली. रिचार्ज नाही तर इनकमिंगही बंद. माणसांचं आयुष्य शिल्लक होतं, योजनेचं संपलं. डिसेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी आठवडाभराच्या आत एकापाठोपाठ एक दर वाढवले. आता खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल, एवढंच उरलंय.

स्पर्धेनं माझा बूथ खाल्ला, तरी मी स्पर्धेच्याच बाजूचा. दर कंपनीच्या दयेनं उतरत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल या भीतीनं उतरतो. ती भीती आता कमी झालीय.

एक करा. दूरसंचार नियामक ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेलं, फक्त बोलण्याचं आणि एसएमएसचं पॅक ठेवणं बंधनकारक केलंय. घरात साधा फोन वापरणारं म्हातारं माणूस असेल तर तेच पॅक नावानिशी मागा. दुकानदार सहसा डेटाचंच पुढं करतो. आणि नाहीच पटलं तर ‘पोर्ट’ असं इंग्रजीत लिहून पुढं आपला नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा.